मधलं शटल कुणाचं?

कतारहून आल्यापासून सांगलीतली माणसं मला एकच विचारतात, उंटावर बसलात का? नाही बसले. उंट मी फक्त एका दुकानाच्या पाटीवर पाहिला, आणि तोही माझ्याकडे पाठ करून उभा होता. वाळवंट गाडीच्या काचेतून पाहिलं. उंच इमारतींकडे मान मोडेपर्यंत बघत राहायचा माझा स्वभाव नाही. मी गेले होते एका थाई बाईला बॅडमिंटन खेळताना बघायला. हे सांगितलं की समोरचा माणूस "असं होय" म्हणतो आणि हवापाण्याचं बोलायला लागतो. प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावून माझा घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

माझ्याबरोबर होत्या वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, कुंदाताई. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला सुलभा म्हणून सुनावतात. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं. नुसतं चालणं म्हणजे बिनसाखरेचा चहा, असं म्हणून त्यांनी रॅकेट आणली. डबल्सला दुसरं माणूस लागतं, म्हणून दुसरी रॅकेट माझ्या हातात दिली. मला खेळायचं आहे का, हे विचारायचं राहून गेलं. आता रोज सकाळी आम्ही दोघी हॉलवर असतो.

नित आम्हाला वन्संच्या फोनवर सापडली. थायलंडची, डबल्स खेळणारी. डबल्सवाल्या बाईची कारकीर्द म्हणजे तिच्या जोडीदारणींची गोष्ट, हे मला नितमुळे कळलं. पहिली जोडीदार वयानं बरीच मोठी होती. पोरसवदा नितनं मागं धावधावून शटलं काढायची आणि बाईंनी पुढं उभं राहून टाळ्या घ्यायच्या. त्या बाईंचं लग्न झालं. दुसरीचा गुडघा गेला. तिसरीशी असं जमलं की दोघी एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचल्या, हरल्या, आणि हरल्यावर नेटपाशी बसून पोट धरधरून हसल्या. "बाई आपल्यातली आहे," असं वन्संनी तेव्हाच ठरवून टाकलं. मग तिसरी परदेशात कोच झाली आणि चौथी आली. ही कोवळी पोर, आणि तिचं नाव गोल्फ. थायलंडात घरातलं लाडाचं नाव काहीही ठेवतात म्हणे आणि तेच सगळीकडे चालतं. वन्संना मात्र तो बॅडमिंटनचा अपमान वाटतो.

गोल्फ आल्यापासून नित हरायला लागली होती. आणि वन्संचा मुलगा मंदार जिथं नोकरी करतो त्या दोहात त्या दोघी खेळायला येणार असं कळलं. वन्संनी तिकिटं काढायला लावली. मी स्वयंपाकाचं काय करायचं ते यजमानांना समजावलं आणि निघाले.

बिन महमूद

मंदारचा फ्लॅट बिन महमूदला. खाली केरळी हॉटेल, शेजारी शिंपी, समोर फळवाला, आणि सगळ्यांशी हिंदी चालतं. वन्सं पहिल्या दिवशी म्हणाल्या, "विमान मध्येच कुठंतरी उतरवलं वाटतं, हा देश परका वाटत नाही." मंदारची बायको नेहा हॉस्पिटलात शिफ्टवर असते. त्यामुळं आल्याआल्या आम्ही ओट्याचा ताबा घेतला आणि आणलेले बेसनाचे लाडू वरच्या फडताळात लपवले. मंदारला ते तासाभरात सापडले.

दोहात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे कडक चहा. तिकडे त्याला करक म्हणतात. टपरीसमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, की माणूस धावत येऊन चहा हातात देतो. आमच्याकडे चहाच्या गाड्यापुढं हॉर्न वाजवला तर मालक आधी वाडवडिलांची चौकशी करील. वन्संना हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी त्यांनी मंदारच्या मांडीवरून हात घालून स्वतः हॉर्न दाबला, तो सिग्नलला. पुढच्या गाडीतल्या पांढऱ्या झग्यातल्या गृहस्थांनी उतरून मागं येऊन पाहिलं. वन्संनी त्यांना सांगितलं, "दो चाय." ते हसले, "इन्शाल्ला" म्हणाले आणि परत गाडीत बसले.

मुऐदर

शुक्रवारी तिकडे सुट्टी. मुऐदरला एका शाळेच्या हॉलमध्ये मंदार आणि त्याची मित्रमंडळी खेळतात. तिथं आम्हाला वसईच्या एका नवरा-बायकोसमोर उभं केलं. दोघंही भली, गोड बोलणारी, आणि दोघांनीही पहिल्या मिनिटात ओळखलं की आमच्या दोघींच्या मध्ये शटल टाकलं की पॉइंट मिळतो.

हे मला आधीपासून ठाऊक होतं. मधलं शटल आलं की मी थांबते आणि म्हणते, "घ्या वन्सं." जेवताना जिलबीचं ताट आलं की जसं म्हणते, अगदी तसंच. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आधी वन्संना, मग आपल्याला. ते हाडात मुरलं. वन्संचं असं की त्यांना वाटतं शटल माझ्या बाजूचं आहे, म्हणून त्याही थांबतात. मग शटल आमच्या दोघींच्या मध्ये पडतं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघतो.

वसईची बायको शेवटी म्हणाली, "मावशी, एक तरी मारा ना! आम्हालाच कसंतरी वाटतंय."

"मामी, तू घे ना मधलं," मंदार बाहेरून ओरडला.

वन्सं घाम पुसत माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "परत गेल्यावर तुझे डोळे पुन्हा दाखवू." त्यांनी मला याआधी दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. वन्सं म्हणाल्या, डॉक्टर नवीन आहेत.

मोठा हॉल

मंगळवारी नितचा पहिला सामना. हॉल इतका गार ठेवला होता की आम्ही स्वेटरवर शाल घेऊन बसलो होतो. खाली कोर्टावर मुली अर्ध्या चड्डीत खेळत होत्या, आणि वन्सं त्यांच्या आयांच्या नावानं चुकचुकत होत्या.

नित फोनवर दिसते त्यापेक्षा लहानखुरी निघाली, आणि थकलेली. पायाला पट्ट्या, मनगटाला पट्टी. गोल्फ ताडमाड उंच, हात असे लांब की दोन्ही बाजूच्या रेषा तिनं उभ्या जागी पुसल्या असत्या. मला वाटलं, आता मधलं काय सुटतंय! पण मधलं शटल आलं की ही पोर थबकायची. नित धापा टाकत यायची, कधी पोचायची, कधी नाही. शटल पडलं की गोल्फ हात जोडून नितला वाकून नमस्कार करायची.

मी वन्संचा दंड धरला. "वन्सं, ही मीच आहे."

"तू एवढी उंच कुठं आहेस?" वन्सं म्हणाल्या.

समोरची जोडी कच्ची होती म्हणून नित आणि गोल्फ कशाबशा जिंकल्या. नित कोर्टावरून उतरताना हसत नव्हती. मला ते आवडलं नाही.

अल वक्रा

दुसऱ्या दिवशी थाई जोडीचा सामना नव्हता आणि मंदारनं सुट्टी काढली होती. तो आम्हाला अल वक्र्याला घेऊन गेला. जुनं कोळ्यांचं गाव, आता सगळीकडे घरं झालीत, पण समुद्राकाठचा बाजार मातीच्या रंगाचा, बुटका, अंगावर न येणारा आहे. होड्या वाळूवर तिरक्या पडलेल्या. मासळीचा भात खाल्ला. एका परातीत सगळ्यांनी जेवायचं असतं. मी सवयीनं वन्संच्या पुढ्यात मोठा तुकडा सरकवला. त्यांनी तो मंदारकडे सरकवला आणि मंदारनं तो विचार न करता खाल्ला.

जेवून पाण्याच्या कडेनं चाललो होतो तर समोरच्या कट्ट्यावर नित आणि गोल्फ. मेट्रोनं शेवटपर्यंत येऊन समुद्र बघत बसल्या होत्या, हातात मक्याची कणसं.

माझे पाय थबकले. वन्संचे पाय असल्या गोष्टींना थबकत नाहीत. त्या सरळ गेल्या, नितच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि पिशवीतला लाडू तिच्या हातावर ठेवला. नितनं आधी लाडवाकडे पाहिलं, मग मंदारकडे. मंदारनं तोडक्यामोडक्या इंग्रजीत आमची ओळख करून दिली: या माझ्या आई, या मामी, दोघी तुमच्यासाठी सांगलीहून आल्यात. नितला सांगली कळलं नाही. लाडू कळला. तिनं दुसरा मागितला.

तिचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, त्यामुळं आमचं छान जमलं. मी विचारलं, उद्या जिंकणार ना? ती हसली आणि बोलत गेली. तिच्या देशातल्या बॅडमिंटनच्या मंडळींनी सांगितलं होतं की उद्या हरलात तर जोडी मोडायची. गोल्फला तिच्या वयाची नवी जोडीदार देणार. "अँड मी, फिनिश," नित म्हणाली. नवी जोडीदार तिला आता कुणी देणार नव्हतं. आई शाळेपुढं खाऊचं दुकान चालवते, तिथं बसेन, असंही हसत सांगितलं. गोल्फ कणसाचे दाणे टिपत खाली बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ही हसते काय!" वन्सं मला म्हणाल्या. "रडायची गोष्ट आहे." आणि स्वतःच पदर डोळ्याला लावला.

मला राहवलं नाही. मी मंदारला गाडीतून आमच्या रॅकेटी आणायला पिटाळलं. म्हटलं, यांना दाखवते काय चुकतंय. समुद्रावर वारा होता, शटल उडवलं की ते वक्रा सोडून इराणच्या दिशेनं निघायचं, पण मंदार वाऱ्याच्या बाजूला उभा राहून आमच्या मध्ये शटलं टाकत राहिला. पहिलं पडलं. "घ्या वन्सं." दुसरं पडलं. तिसरं पडलं.

"व्हाय शी नॉट टेक?" नितनं मंदारला विचारलं.

मंदारनं सांगितलं, मामीच्या नवऱ्याची मोठी बहीण आहे ना, म्हणून.

नित कट्ट्यावरून उठलीच. "पी!" ती ओरडली आणि गोल्फकडे बोट दाखवून भराभर थाईत बोलायला लागली. मग आम्हाला समजलं ते असं: त्यांच्याकडे वयानं मोठ्या माणसाला नावाआधी पी लावतात, पी-नित, आणि धाकट्यानं मोठ्याच्या पुढं हात घालायचा नसतो. गोल्फ लहानपणी पी-नितचं चित्र भिंतीवर लावून झोपायची. आता त्याच पी-नितच्या तोंडासमोरचं शटल "माझं" म्हणून ओढायचं कसं? आणि रॅकेट तिलाच लागली तर?

वन्सं मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे सुलभा, तुला ते शटल दिसतं?"

"दिसतं."

"इतकी वर्षं दिसत होतं?"

"अहो, तुम्ही मोठ्या."

"अगं, मी मोठी, शटल नव्हे!" वन्सं एवढ्या जोरात म्हणाल्या की होडीतला कोळी वळून बघायला लागला. "मी तुला दोनदा डोळ्यांत थेंब घालून अंधारात बसवलं! आता मार. माझं म्हण आणि मार."

माझ्या तोंडातून ते येईना. मराठीत, वन्संसमोर, माझं? जीभच वळेना. गोल्फचंही तसंच. नितनं दहादा सांगितलं, ती तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी मी मंदारला म्हटलं, यांच्या भाषेत काय म्हणतात विचार. नितनं सांगितलं, खाँग छन. मी म्हणून पाहिलं. काहीच वाटलं नाही. ना सासूबाई आठवल्या, ना जिलबी. पुढचं शटल आलं, मी "खाँग छन!" अशी आरोळी ठोकून धावले, आणि रॅकेट वन्संच्या अंबाड्यात अडकली. पिना वाळूत पडल्या. वन्सं केस मोकळे सोडून आनंदानं ओरडल्या, "शाब्बास!"

गोल्फ तोंडावर दोन्ही हात धरून बघत राहिली. मग वाळूत बसून गदागदा हसली. आणि मग उठून मला विचारलं, तुमच्या भाषेत काय? मी सांगितलं. तिनं दोनदा पुटपुटून पाहिलं, मग समुद्राकडे तोंड करून ओरडली, "माझं!" पोरीचा आवाज खणखणीत होता, फक्त तो परक्या भाषेतून बाहेर यावा लागला.

पुन्हा मोठा हॉल

गुरुवारी सकाळी मी चहात दोनदा साखर घातली. वन्सं देवाला काही बोलल्या नाहीत, पण मंदारच्या घरातल्या देवाकडे त्यांनी रोखून पाहिलं.

पहिला गेम हरल्या. गोल्फ पुन्हा थबकत होती. दुसऱ्या गेममध्ये एकदा तिनं हळूच "माझं" म्हटलं, मला तिच्या ओठांवरून कळलं, पण तोवर शटल खाली पडलं होतं. वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि "अगं, मोठ्यानं!" असं ओरडल्या. अंपायरनं वर पाहिलं. मंदारनं आईला पदराला धरून खाली बसवलं.

मग शटल पुन्हा मध्ये आलं. नित वळली, आणि गोल्फ सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली, "माझं!" आमच्या खाली बसलेला कुणीतरी मराठी माणूस दचकून इकडेतिकडे बघायला लागला. गोल्फनं नितला खांद्यानं बाजूला ढकललं आणि शटल मारलं. नित कोलमडून पडली. गोल्फनं ते पाहिलं, रॅकेट बगलेत धरली आणि गुडघे टेकून, हात जोडून नितची माफी मागायला लागली. तेवढ्यात समोरून शटल परत आलं आणि गोल्फच्या पाठीवर पडलं.

पॉइंट गेला. सगळा हॉल हसला, समोरच्या मुलीही हसल्या. पण नित उठून गोल्फवर कडाडली. आधी मला वाटलं ढकललं म्हणून रागावली. तसं नव्हतं. ती हात जोडून दाखवत होती आणि मान जोरजोरात हलवत होती. ढकल, पण माफी मागू नकोस.

त्यानंतर त्या पोरीच्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. माझं, माझं, माझं! लांब हातांनी तिनं कोर्ट झाडून काढलं. नितला पुढं नेटपाशी उभं राहायला मोकळीक मिळाली, आणि मग दिसली ती फोनमधली नित, मनगटाच्या एका टिचकीनं शटल नेटच्या पलीकडे अलगद ठेवणारी. दुसरा गेम घेतला. तिसऱ्याच्या शेवटच्या शटलला दोघी एकदमच धावल्या, गोल्फ ओरडली, नित खाली बसली, आणि शटल तिच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या कोपऱ्यात पडलं. खलास. जिंकल्या. मी रडत होते, वन्सं रडत होत्या, आणि मंदार म्हणत होता, "आई, लोक बघतायत."

"बघू देत," वन्सं म्हणाल्या. "आपलीच पोर आहे."

शुक्रवारी त्या पुढच्या फेरीत हरल्या, पण वाईट वाटलं नाही. जोडी ठेवायची, असा त्यांच्या बॅडमिंटनच्या मंडळींकडून निरोप आला होता. नितनं तो फोन मंदारला दाखवला. थाईत होता, तरी वन्संनी तो चष्मा लावून नीट वाचला.

शनिवार, परत मुऐदर

रात्री त्यांचं विमान होतं, म्हणून सकाळी मंदारनं दोघींना मुऐदरच्या हॉलवर आणलं. "यल्ला मामी, चल कोर्टवर," म्हणाला. नेटच्या पलीकडे नित आणि गोल्फ. अलीकडे वन्सं आणि मी. बघायला सगळी मंडळी जमलेली. वसईची बायको फोन धरून सज्ज.

नितनं पहिलंच शटल आमच्या बरोबर मध्ये टाकलं. मी तयारच होते. "खाँग छन!" आणि पॉइंट घेतला. टाळ्या पडल्या. मी फुशारले.

नितनं हात वर करून खेळ थांबवला. "नो थाई," ती म्हणाली. मग गोल्फच्या खांद्यावर हात ठेवून मंदारला काहीतरी सांगितलं. मंदार माझ्याकडे वळला. "मामी, ती म्हणते, कालच्या सामन्यात गोल्फ शेवटपर्यंत मराठी सोडून थाईतच ओरडली. पी-नितच्या तोंडावर. आता तुझी पाळी."

नितनं शटल टाकलं. मध्ये. मी थांबले, ते पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पडलं. तिसरं, चौथं, एकाच जागी, जणू तिथं खुणेचा खडा ठेवला होता. वन्सं हलत नव्हत्या. त्या मुद्दाम हलत नव्हत्या, हे मला आता कळत होतं. लग्नानंतरची सगळी पानं, सगळ्या पंगती, आधी वन्संना, मग मला, सगळं त्या शटलबरोबर माझ्याकडे येत होतं.

मग एक आलं आणि मला ते विचार करायच्या आत दिसलं.

"माझं!"

मी मारलं. कसं मारलं मला माहीत नाही. शटल नित आणि गोल्फच्या मधून जाऊन मागं पडलं. त्या दोघी हलल्याच नाहीत, नुसत्या हसत उभ्या होत्या. मी वन्संकडे बघायचं धाडस करत नव्हते.

"अगं, मग घे की," वन्सं म्हणाल्या. "इतकी वर्षं कोण नको म्हणत होतं?"